कांबळे सर आणि राळ्याएवढा दात

आमच्या शेजारचे कांबळे सर रेशनचं रॉकेल मातीत ओतायचे. कोल्हापुरात त्या दिवसांत आम्ही बायका कॅन घेऊन रांगेत उभ्या, आणि हा निवृत्त विज्ञानशिक्षक गच्चीवर बादलीभर मातीला ते पाजतोय! मी विचारलं, तर म्हणाले, "आक्का, त्यानं ढेकळं सुटत्यात. आतलं जनावर न मोडता भाईर येतंय."

हे जनावर म्हणजे काय, ते मला आजही धड सांगता यायचं नाही. माती नागपूरच्या पलीकडची. सरांचा जुना विद्यार्थी दिलीप तिकडं दगडमातीचा अभ्यास करायचा, त्यानं एक पोतं पाठवलं होतं. डायनासोर होते तेव्हा त्यांच्या पायांत उंदराएवढे केसाळ प्राणी वावरायचे म्हणे, आणि त्यांचे दात त्या मातीत असू शकतात.

"म्हणजे उंदीरच की."

"उंदीर न्हवं, आक्का. उंदीर लई मागनं आलं."

"मग चिचुंद्री?"

"तीबी न्हवं."

"मग आपलं कोण लागतंय ते?"

"लांबचं चुलत. लग्नाला बोलवायचं, पर वळख पटायची न्हाय."

असं हसत बोलायचे, पण दाताचा ध्यासच घेतला होता त्यांनी. एकदा म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यानं लिवलेलं फळ्यावर उतरवलं, आक्का. एक तरी गोष्ट पयल्यांदा मी बघितलेली असावी."

भिजलेली माती मैद्याच्या चाळणीतून धुवायची, उरलेली रेती पेपरवर वाळवायची, मग ताटात घेऊन कण न कण बघायचा. या शेवटच्या कामाला त्यांनी मला धरलं. का, तर मी निवडलेल्या तांदळाच्या भातात कुणाच्या दाताखाली कधी खडा आला नव्हता! चार महिने दुपारी आम्ही गच्चीवर आपापली ताटं घेऊन बसलो. शिंपल्यांचे तुकडे निघाले, माशाचे खवले निघाले.

आणि एका दुपारी सर ओरडले, "आक्का!" भिंगाखाली राळ्याच्या दाण्याएवढं काहीतरी काळं होतं. "टोकं बघा की! दोन वळी हायत टोकांच्या!" मला नुसता ठिपका दिसला. सरांनी तो कण माझ्या ताटाच्या कडेला ठेवला आणि डबी आणायला खाली गेले.

मी आपली निवडत राहिले. आणि काय सांगू, माझ्या बोटांनी जन्मभर जे केलं तेच केलं. फिकट रेतीत काळं दिसलं, टिचकीनं उडवलं. कठड्यावरून थेट खालच्या गटारात.

सर डबी घेऊन वर आले. मी बोटानं खाली दाखवलं. त्यांनी कठड्यावरून वाकून बघितलं. मग म्हणाले, "साडेसहा कोटी वर्सं थांबलं ते. तुम्हाला दोन मिंटं दम निघंना व्हय?"

दोन दिवस त्यांनी गटारातला गाळ काढून धुतला. नाहीच मिळालं. माझं अन्नावरचं मन उडालं. तिसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाले, "आक्का, जेवा आता. नीट आठवून बघितलं मी. खडा हुता त्यो." मी जेवले. मला ते खरं मानायचं होतं.

पुढं काही वर्षांनी सर गेले. दिलीप भेटायला आला, त्यानं सरांचं एक जुनं पत्र दाखवलं. त्यात सरांनी लिहिलं होतं, "दात सापडला होता, पण माझ्याच धांदरटपणामुळे गटारात पडला." खाली दाताचं चित्र, टोकांच्या दोन ओळींसकट.

माझं डोकंच चालेना. मला खडा सांगितला, याला दात सांगितला. आणि माझी चूक आपल्या नावावर कशाला घेतली?

"चित्र बरोबर हाय न्हवं?" मी विचारलं.

"अगदी बरोबर, मावशी. पण पुस्तकात बघूनही असं काढता येतं. दात हातात नसला की आम्हाला काही म्हणता येत नाही. सरांबरोबर तुम्ही निवडायला बसायचात ना? तुम्ही तर बघितला असेल. काय होतं ते?"

"मला न्हाय कळलं, बाबा. पण उडवला मी. तेवढं सरांच्या नावावरनं काढ."

त्यानं खिशातलं पेन काढलं, टोपण काढलं. सरांच्या त्या वळणदार अक्षरावर ते धरून बसला, पण काट मारायला काही त्याचा हात होईना.