स्वतंत्र झालेली टीम

मोहाडीच्या कोष्टीपुऱ्यात टिकारामला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि ओळखणाऱ्यांतले निम्मे त्याला नुसत्या आवाजावरून ओळखायचे. काय आवाज होता बाप्पा! मैदानाच्या या टोकाला उभा राहून तो "जागेश्वर, डावीकडून!" असं ओरडला की त्या टोकाचा गोलकीपरसुद्धा डावीकडे वळायचा, मग तो आपला असो की समोरच्यांचा. बरं, एवढं ओरडणारा हा बाबा स्वतः कधी चेंडूला पाय लावायचा नाही. लहानपणी एकदा लावला होता म्हणे. चेंडू राहिला जागेवर आणि हा पडला तोंडावर. तेव्हापासून खेळणं त्यानं दुसऱ्यांवर सोपवलं आणि ओरडणं स्वतःकडे घेतलं.

पोटाला हातमाग होता. बायको राधाबाई सुताच्या कांड्या भरायची, हा विणायचा. मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल तो कधी अवाक्षर काढायचा नाही. बोलायचा तो विणकर क्लबबद्दल, आणि एकदा सुरू झाला की समोरच्याला पळता भुई थोडी व्हायची. विणकर क्लब म्हणजे काय, तर पुऱ्यातली दिवसभर माग चालवणारी पोरं. संध्याकाळी तलावाच्या बाजूच्या पटांगणावर खेळायची. कोणाच्या पायात बूट, कोणाच्या नाही. पण खेळायची अशी की बघत राहावं. त्यातला जागेश्वर तर चेंडू पायाला बांधल्यासारखा घेऊन जायचा.

दिवाळी सरली की आपल्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाहुणे येतात, रात्री दंडारीचं लोकनाट्य होतं, मुरमुरे-जिलेबीची दुकानं लागतात, आणि त्याच दिवसांत फुटबॉलचे सामने व्हायचे. आज सिहोऱ्याला, उद्या करडीला, परवा शहापूरला. हे सगळे सामने भरवायचं वैनगंगाकाठ फुटबॉल मंडळ. त्याचे अध्यक्ष गोपीचंदभाऊ. तुमसरकडे त्यांची धानाची गिरणी होती, आणि किसान क्लब नावाची टीमही त्यांचीच. म्हणजे बघा, टीम त्यांची, पंच त्यांनी नेमलेला, आणि पंचाबद्दल तक्रार करायची तर तीही त्यांच्याकडेच. आता अशा माणसापुढे कोणी काय बोलावं?

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच साली, मंडईच्या दिवसांत करडीला फायनल झाली. विणकर क्लब आणि किसान क्लब. गोलाला जाळी म्हणून ढिवरांकडून मागून आणलेलं जुनं मासेमारीचं जाळं लावलं होतं. शेवटी शेवटी जागेश्वरनं असा काही चेंडू हाणला की तो गोलात शिरला, जाळ्याच्या भोकातून मागं निघाला आणि जिलेबीवाल्याच्या कढईजवळ जाऊन थांबला. अख्ख्या करडीनं पाहिलं. पंचानं मात्र हात हलवले आणि सांगितलं, चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. हा पंच कोण? गोपीचंदभाऊंचा सख्खा साळा! टिकाराम ओरडला, अख्खा कोष्टीपुरा ओरडला, करडीची माणसंही ओरडली. सामना मात्र गेला तो गेलाच.

त्या हारीनं टिकाराम पेटला. बाकीचे चार शिव्या देऊन घरी गेले, मागावर बसले. याला चैन पडेना. तो सायकल काढून सिहोऱ्याला गेला, शहापूरला गेला. तिथल्या टीमच्या मागं फिरणारे, ओरडणारे त्याच्यासारखेच लोक त्यानं गोळा केले. "आपण खेळत नाही, मान्य," तो त्यांना म्हणायचा, "पण आपण नसलो तर हे खेळून राहिले कोनासाठी? गिरणीवाल्यासाठी? ज्याची टीम हाये, त्यानं पंच नेमायचा नाही. बस, एवढंच मागायचं." लोकांना पटलं. न पटण्यासारखं होतंच काय त्यात?

मागणी मोठ्या कापडी फलकावर लिहायची ठरली. कापड अर्थात पुऱ्यातलंच. लिहायला बसले निवृत्त शिक्षक आनंदराव गुरुजी. त्यांनी ब्रश बुडवला आणि म्हणाले, "निष्पक्ष समिती हवी, असं लिहितो."

टिकारामनं तोंड वाकडं केलं. "निष्पक्ष म्हंजे काय जी गुरुजी? तोंडात बसत नाही थो शब्द. घोषणा देता देता जीभ अडकते. स्वतंत्र लिवा. स्वतंत्र समिती!"

आणि खरंच, त्या साली तोच शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी होता. गोंदिया स्वतंत्र झाला, गोंदियाचा कलेक्टर स्वतंत्र, कचेरी स्वतंत्र. गुरुजी थोडे घुटमळले, पण टिकारामच्या आवाजापुढं कोणाचं चाललंय? ठळक लाल अक्षरांत लिहिलं गेलं : 'विणकर क्लबच्या चाहत्यांची मागणी. स्वतंत्र समिती, स्वतंत्र पंच.' पुढं मंडळाच्या प्रत्येक सामन्याला तो फलक घेऊन लोक मैदानाच्या कडेला उभे राहू लागले. टिकाराम "स्वतंत्र!" म्हणायचा, मागून तीन गावं "समिती!" म्हणायची. शहापूरचा एक सामना तर या ओरडण्यापायी थांबवावा लागला. गोपीचंदभाऊंच्या नाकी नऊ आले.

शेवटी त्यांनी मोहाडीत सभा बोलावली. पांढरेशुभ्र कपडे, तोंडात पान, गोड हसू. माईक हातात घेऊन म्हणाले, "भाऊहो, तुम्ही एवढं मनापासून मांगून राहिले, तर आम्ही नाही म्हणणारे कोन? विणकर क्लबची मागणी मंडळानं मान्य केली. आजपासून सारं स्वतंत्र!"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! पोरांनी टिकारामला खांद्यावर घेतलं. पुऱ्यात डफ वाजला, फटाके फुटले. राधाबाईनं घरोघर पेढे वाटले. गोपीचंदभाऊंच्या तोंडातसुद्धा टिकारामनं स्वतःच्या हातानं पेढा घातला, आणि त्यांनी तो मिटक्या मारत खाल्ला. आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो. एक आनंदराव गुरुजी तेवढे कोपऱ्यात बसून फलकावरचा 'स्वतंत्र' शब्द पुन्हा पुन्हा वाचत होते. पण त्या आनंदात त्यांच्याकडे बघतो कोण?

पुढची दिवाळी आली. मंडळाचे सामने ठरले, गावोगाव कागद चिकटले. सिहोरा होतं, करडी होती, शहापूर होतं, किसान क्लब तर होताच. विणकर क्लब कुठंच नव्हता. टिकारामला वाटलं, छापणाऱ्याची चूक असेल. तो जागेश्वरला घेऊन गिरणीवर गेला.

गोपीचंदभाऊ खाटेवर रेलून बसले होते. "अरे टिकाराम, तुमची टीम आता आमच्यात कशी येईल गा? तुम्हीच स्वतंत्र मांगितलं ना? दिलं आम्ही. गोंदिया स्वतंत्र झाला, मंग त्याचा कारभार भंडाऱ्यातून चालते का? तुमची समिती तुम्ही करा, पंच तुम्ही आणा, सामने तुम्ही भरवा. आमची आता काही ढवळाढवळ नाही."

"भाऊ, आम्ही वेगळं नव्हतं मांगितलं," टिकाराम म्हणाला. "पंच तुमच्या हाताखालचा नको, एवढंच म्हटलं होतं."

"स्वतंत्रचा दुसरा अर्थ असते का? सांग बरं."

टिकारामला सांगता येईना. अर्थ होता, त्याला चांगला माहीत होता, पण तो शब्दात धरून समोर ठेवता येईना.

सिहोऱ्याच्या आणि शहापूरच्या लोकांकडे तो पुन्हा गेला. त्यांनी कानावर हात ठेवले. फलकावर नाव विणकर क्लबचं होतं, आमचं नव्हतं, म्हणाले. उद्या आमच्या टीमलाही असंच स्वतंत्र केलं तर? त्यांचंही काही चुकत नव्हतं म्हणा. ज्याच्या त्याच्या जिवाला आपली टीम.

आता स्वतंत्र झालेल्या टीमनं खेळायचं कोणाशी? एक साल पुऱ्यातच दोन भाग करून खेळले. वरचा मोहल्ला आणि खालचा मोहल्ला. टिकाराम मधोमध उभा राहून दोन्हीकडून ओरडायचा, आणि ते ऐकून पोरांना हसू यायचं. मग हसूही येईना. पटांगणावर यायची पोरं कमी कमी होत गेली. कोणी नागपूरला कामाला गेला, कोणी लग्न करून घरचा झाला.

एक दिवस जागेश्वर घरी आला. चहा प्यायला. मग म्हणाला, "काका, किसान क्लबवाले बलावून राहिले. माह्या पायात अजून चार-पाच सालं आहेत. तुमी नाही म्हणान, तर नाही जात."

टिकारामच्या हातातला मागाचा धोटा थांबला. नाही म्हणावं असं त्याला फार फार वाटलं. पण त्या पोराचे पाय पुऱ्यात कुजवायचा आपल्याला काय हक्क, असंही वाटलं. "जा," तो म्हणाला, "आणि डावीकडून खेळत जा." जागेश्वर पाया पडून गेला, आणि विणकर क्लब त्या दिवशी संपला.

पुऱ्यानं खापर टिकारामवर फोडलं. कोणाचं काही बिनसलं की म्हणायचे, "टिकारामसारखं नको करू, नाही तर स्वतंत्र होशील." भाऊ-भाऊ भांडून वेगळे झाले तरी म्हणायचे, "टिकाराम झाला यांचा." तो हे सगळं ऐकून घ्यायचा, खाली मान घालून विणायचा. मैदानावर जाणं त्यानं सोडलं. तो आवाज गेला कुठं, असं लोक आधी विचारायचे. मग तेही विचारेनासे झाले.

बरीच सालं गेली. गोपीचंदभाऊ थकले, त्यांच्या पोरांना खेळात रस नव्हता. इकडे नव्या दमाचे चाहते तयार झाले. शहापूरची दामिनी नावाची शाळेत खेळ शिकवणारी मुलगी त्यांच्यात पुढं होती. टिकारामनं जे मागितलं होतं तेच त्यांनी मागितलं, पण शब्द तोलून मापून, वकिलाला विचारून. मंडळाला नमावं लागलं. पंच नेमायला आणि तक्रारी ऐकायला वेगळी समिती ठरली. तिच्यात बसणाऱ्याचा कोणत्याही टीमशी काही संबंध नसावा, आणि तसं त्यानं भरसभेत सर्वांसमोर बोलून दाखवावं, असा नियम झाला.

नियम झाला, पण माणूस मिळेना. आपल्या जिल्ह्यात फुटबॉल कळणारा आणि कोणाचाच नसलेला माणूस आणायचा कुठून? कोणाचा पुतण्या या टीममध्ये, कोणाचा जावई त्या टीममध्ये. तेव्हा पोट सुटलेला, केस पिकलेला जागेश्वर दामिनीला घेऊन टिकारामच्या दारात आला.

"काका, ही सुरुवात तुमची आहे," दामिनी म्हणाली. "तुम्हीच बसायला पाहिजे समितीत. आणि तुमच्याइतका मोकळा माणूस जिल्ह्यात दुसरा नाही. तुमची तर टीमच नाही."

तिनं ते चांगल्या मनानं म्हटलं होतं. टिकाराम हळूच हसला आणि येतो म्हणाला. राधाबाईला तर आकाश ठेंगणं झालं. इतक्या सालांनी आपल्या माणसाला कोणी मानानं बोलावलं! तिनं त्याचं धोतर धुऊन घडी करून ठेवलं. "आता पुऱ्याची तोंडं बंद होतील," ती म्हणाली.

मोहाडीच्या सभागृहात गर्दी होती. टिकारामचं नाव पुकारलं, टाळ्या पडल्या. दामिनीनं माईक त्याच्या हातात दिला आणि सांगितलं, "काका, एवढंच म्हणा : माझा कोणत्याही टीमशी काही संबंध नाही."

"माझा," टिकाराम म्हणाला. थांबला. पुन्हा म्हणाला, "माझा कोणत्याही टीमशी..." आणि तिथंच अडकला. लोकांना वाटलं, म्हातारा विसरला. जागेश्वरनं खालून पुढचे शब्द सांगितले. टिकारामनं त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"नाही जमत बाई," तो म्हणाला. "संबंध हाये माहा. विणकर क्लबशी."

"काका, पण तो क्लब तर आता नाही ना?"

"खेळत नाही," टिकाराम म्हणाला. "पण मी आहो ना त्याचा अजून. मी नाही म्हटलं, तर मंग राहिलं कोन?"

जागेश्वर तोंडावर रुमाल धरून बाहेर निघून गेला. टिकारामनं माईक ठेवला, सर्वांना हात जोडले आणि खाली उतरला. त्याच्या जागी शहापूरच्या एका निवृत्त कंपाउंडरला घेतलं. फुटबॉल त्यांना फारसा कळत नव्हता, पण संबंध नाही हे त्यांनी खणखणीत सांगितलं.

घरी राधाबाई दारातच उभी होती. "झालं का?"

"नाही झालं."

"काहून?"

काहून ते सांगता सांगता टिकाराम रडायला लागला. हुंदके देऊन, लहान लेकरासारखा. एवढ्या सालांत, पुरा एवढं बोलला तरी, तो कधी रडला नव्हता. राधाबाईनं त्याला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं. तिचेही डोळे भरून आले होते.

"तुमीच टीम बुडवली म्हणते सारा पुरा," ती म्हणाली, "पण बुडवली नव्हती तुमी. आज संबंध नाही म्हटलं असतं ना, तर बुडवली असती."