बिनकाट्याचं वांगं

आईला साखरेचा आजार आहे. गावरान वांग्याच्या देठाचा काटा तिच्या नखाखाली मोडला आणि बोट दोन महिने चिघळलं. तेव्हाच मी जाहीर केलं, या घरात आता गावरान वांगं येणार नाही. बाजारातून बिनकाट्याची, चकचकीत वांगी आणून भरीत केलं. आईनं एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

"पाणचट हाय. मले नाई पायजे."

त्यानंतर तिनं भरीत खाणंच सोडलं. नजर अधू, दात चार, खाण्याची हौस तेवढी एकच. तीही मीच बंद केली, याचं मला फार वाईट वाटायचं. मग ठरवलं, गावरान चव आणि गुळगुळीत देठ एकाच झाडावर आणायचं.

आर्णीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या आणि हातभर गॅलरी. मी कापलेल्या पाण्याच्या बाटल्यांत माती भरली. एवढ्याशा मातीत झाड खुरटं राहतं, एखादंच फळ धरतं. पण पारखायला एक फळ पुरतं. संध्याकाळी गावरान झाडाच्या कळीतले पुंकेसर चिमट्यानं काढायचे, सकाळी तिला बिनकाट्याच्या फुलाचा पराग लावून खुणेला दोरा बांधायचा. शेजारीण गॅलरीतून विचारायची, "मॅडम, वांग्याचं लगन लागलं का?"

त्या बियांची पहिली झाडं झाडून सगळी काटेरी निघाली. लपलेला गुण दुसऱ्या पिढीत वर येतो, हे दहावीच्या पोरांना मी दरवर्षी शिकवते. तरीही चिमटा भिरकावलाच.

आई हसली. "उतावया नवरा अन् गुडघ्याले बाशिंग."

दुसऱ्या पिढीच्या अठ्ठावीस बाटल्या लावल्या, तेव्हा कपडे वाळत घालायलाही जागा उरली नाही. सात झाडं बिनकाट्याची निघाली. सहांची फळं बाजारच्यासारखी काळी, लांबट. एकाचं मात्र गावरानसारखं गोल, हिरवं, पांढऱ्या रेघांचं. मी आईचा अंगठा धरून त्याच्या देठावरून फिरवला. तिनं पुन्हा एकदा स्वतःच फिरवला. मला रडू आलं.

"थांब, आजच भरीत करते," म्हणत मी ते तोडायला गेले.

तिनं माझा हात धरला. "खाल्लं तं बी कुठून आणशीन?"

"पण चव आली का नाही, ते कसं कळणार?"

"पुढच्या खेपेले कयन."

"आणि पुढच्या खेपेला..."

"मी नसली तं तू खाय," ती म्हणाली. "बियाले ठेव."

चांगलं फळ बियाला ठेवायचं, हा धडा गेली दोन वर्षं मीच तिला देत होते. आता ते वांगं झाडावर पिवळं पडेपर्यंत बघत बसणं माझ्या नशिबी आलं. त्या दिवसांत मी तिच्यावर विनाकारण चिडायचे.

परवा त्या बियांच्या झाडांवरचं पहिलं वांगं तोडलं. गॅसवर भाजलं, वर कच्चा कांदा, हिरवी मिरची. आई समोरच बसली होती. तिनं घास बराच वेळ तोंडात घोळवला.

"जराकसं पाणचट हाय," ती म्हणाली.

माझं तोंड उतरलं. पण या वेळी तिनं ताट सरकवलं नाही. भाकरी संपली, तेव्हा एकेकाळी चिघळलेल्या त्याच बोटानं तिनं ताट चाटूनपुसून घेतलं.