मामूंचे तळवे

पाण्यात उतरल्यावर मामू खाली कधी बघत नसत. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर मासे धरायची नायलॉनची दोरी आणि गरी, नजर लांब कुठेतरी. वाळू भुसभुशीत कुठे झाली, खडक कुठे लागला, हे त्यांना अनवाणी तळव्यांनीच कळायचं.

मामू रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. बहारीनला आमच्या कंपनीत ते लोखंडी परांच्या बांधणाऱ्या टोळीचे मुकादम होते आणि मी ऑफिसात क्लार्क. कुवेतची लढाई संपून दोनएक वर्षं झाली होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. गाव दुष्काळी, त्यामुळे समुद्र पहिल्यांदा पाहिला तो विमानातून. सुरुवातीला सुट्टीच्या दिवशी मी खोलीत नुसता पडून असे. एका शुक्रवारी मामूंनी माझी चादर ओढली. "यल्ला, चल ऊठ, ग्रॅज्युएट. छताकडे बघून घर जवळ येत नाही." त्या माणसाने मला तिथे टिकवलं, हे मी आजही मानतो.

अस्करच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी लांब हटे आणि वाळूच्या पट्ट्यांमधून एक प्रवाह आमच्या गावच्या ओढ्यासारखा वाहत राही. त्याच्या वळणांनी मामू मला घेऊन जात. कुठल्या खळग्यात साफी मासे सापडतील, कुठल्या खडकाआड मोठा हामूर मासा दडला असेल, हे दाखवत. माझ्या रबरी बुटांना ते हसायचे. बूट घालून पाण्याची खबर कशी लागणार, म्हणायचे. शेवटी मीही बूट काढले. तेव्हा त्यांनी चालायला शिकवलं. "पाय उचलू नको, घसटत चल. वाळूत पाकट पडलेला असतो, शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा. त्याला आधी चाहूल दिली की बिचारा आपणहून बाजूला होतो. न सांगता पाय दिलास तर काटा मारणारच."

परतायची वेळ ते घड्याळात बघत नसत. भरतीचं पाणी आधी त्या ओढ्यातून उलटं शिरतं आणि घोट्याला गार लागतं. गार लागलं की गरी गुंडाळायची, मग मासा समोर का असेना, हा त्यांचा कायदा.

दोन वर्षांनी एका शुक्रवारी माझ्या घोट्यांना गार लागलं. मामू काही बोलेनात. मी थोडा थांबलो आणि मग म्हणालो, "मामू, पाणी फिरलं."

"अजून नाही रे," ते म्हणाले आणि गरी टाकत राहिले.

पाणी पोटरीवर चढलं तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. परतेपर्यंत छातीभर झालेल्या पाण्यातून, एकमेकांना धरून आम्ही कसेबसे किनाऱ्याला लागलो. त्यांच्या टाचेत शिंपल्याचा तुकडा रुतला होता, रक्त वाहत होतं. मी दाखवेपर्यंत त्यांना पत्ता नव्हता.

मग त्यांनी सांगितलं. साखरेचा आजार, वर्षभरापासून तळवे बधिर. "ऑफिसात बोलू नको. मेडिकलला कळलं तर व्हिसा खलास. धाकटी बारावीला आहे. एवढं वर्ष निघू दे." मी हो म्हटलं.

पण माझ्या खिडकीतून परांची दिसायची. उंचावर अरुंद फळीवर मामू उभे असत, नेहमीसारखे खाली न बघता. त्यांच्या खाली टोळीतली पाच-सहा माणसं. आठ दिवस मी ते पाहिलं. नवव्या दिवशी मॅनेजरकडे गेलो. त्यांना जमिनीवरचं काम द्या, अशी विनंतीही केली. मेडिकल झालं. जमिनीवरचं काम निघालं नाही.

मामू कायमचे गावी जायच्या दिवशी मी त्यांची बॅग बांधायला गेलो. त्यांच्या पायात डॉक्टरांनी घालायला लावलेले जाड बूट होते. कुणी सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही. दोरी आणि गरी माझ्या हातात ठेवली.

"बरोबर केलंस. खाली पोरं काम करतात," ते म्हणाले. मग बॅगेची चेन ओढत म्हणाले, "पण मला आधी सांगायचं होतंस."

पाकटालासुद्धा आधी चाहूल द्यायची, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो.