आजारपणाची लिमिट

आमच्या ऑफिसात किस्से साठतात ते कॉफी मशीनशेजारच्या सिंकमधल्या कपांसारखे. एक ठेवला की दुसरा येतोच. ते रंगवून सांगायचं काम आमचे टीम लीड नितीनदादा करतात. आज ते हॉस्पिटलात आहेत, वैशालीवहिनींच्या तपासणीला. त्यांचा मेसेज येईपर्यंत कुणाचं कामात लक्ष नाही. म्हणून एरवी गप्प बसणारी मी लिहितेय.

*

हूफडॉर्प या डच गावात बसून आम्ही कंपनीच्या अमेरिकेतल्या लोकांचे पगार बघतो. तिकडे औषधपाण्यासाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला ठेवता येतात. वर्षाला जास्तीत जास्त किती, ती लिमिट सरकार ठरवतं. आपला आकडा आधीच सांगायचा, आणि उरलेलं बहुतेक वर्षअखेरीला बुडतं. थोडक्यात, पुढच्या वर्षी किती आजारी पडणार ते आत्ताच सांगा!

एकदा टीममधल्या प्रज्ञाने सिस्टिमच्या टेस्टिंगमध्ये लिमिटपेक्षा मोठा आकडा टाकला. स्क्रीन लाल.

नितीनदादा म्हणाले, "बघ, याहून जास्त आजारी पडायला परवानगी नाही!"

*

डिसेंबरात तिकडच्या एका गृहस्थांचा फोन. पैसे उरलेत, काय घेऊ?

"चष्मा?" प्रज्ञाने सुचवलं.

"तीन झाले. शेवटी बायकोला म्हटलं, तू तरी आजारी पड!"

"मग?"

"म्हणाली, तुझ्याबरोबर राहून ठणठणीत आहे, हाच चमत्कार समज!"

*

आकडा मध्येच बदलता येत नाही. अपवाद 'लाइफ इव्हेंट'चा: लग्न, मूल, मृत्यू.

लग्न करून मी पेढे घेऊन आले, तर नितीनदादा म्हणाले, "झाला का लाइफ इव्हेंट?"

"आता आकडा वाढव," प्रज्ञा म्हणाली, "डोकेदुखी सुरू!"

मीही हसले. पण स्क्रीनवर लग्नाच्या लगेच खाली मृत्यू असतो. तेव्हापासून मी माऊस जरा जपून हलवते.

*

इथलं उलटं. दरवर्षी हॉस्पिटलच्या खर्चाचा पहिला हिस्सा आपल्या खिशातून जातो, आणि जानेवारीत पाटी पुन्हा कोरी; डिसेंबरात उपचार सुरू केले तर तो हिस्सा दोनदा भरा. म्हणून तिकडे डिसेंबरात घाई, इकडे जानेवारीची वाट. नितीनदादांचं हे शास्त्रच!

गेल्या डिसेंबरात माझा नवरा अमेय सायकलवरून पडला.

"गुडघ्याला सांग, जानेवारीत दुख!" नितीनदादांनी बजावलं.

अमेयने ऐकलं. नवं वर्ष लागेपर्यंत लंगडला. जिना चढताना त्याचा गुडघा अजून वाजतो. हे मी दादांना सांगितलेलं नाही.

*

काल पुढच्या वर्षाची लिमिट तपासायला आम्ही नितीनदादांच्या घरी जमलो होतो. वहिनींनी थालीपिठं केली होती. वाढता वाढता म्हणाल्या, "अहो, छातीत गाठ लागतेय. आपल्या हाउसआर्ट डॉक्टरांनी हॉस्पिटलला चिठ्ठी दिली. ते उद्याचीच वेळ देत होते. मी जानेवारीतली घेतली."

"जानेवारी?"

"तुमचंच शास्त्र! आता गेलं तर दोन्ही वर्षांचा खर्च पडेल ना."

नितीनदादा ताटावरून उठले. तेलकट हातानेच हॉस्पिटलला फोन लावला. बराच वेळ होल्डवर राहिले, मग इंग्रजीत बोलले. उद्याची वेळ अजून रिकामी होती. सकाळी पहिलीच.

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या, "आता नीट जेवा तरी."

दादा जॅकेट चढवत होते. वहिनींचा कोट दुसऱ्या हातात.

"अहो, उद्या सकाळी आहे!"

"ऐकलं मी. चल, आत्ताच जाऊन बसू."