ईप्पन कंडक्टरचं खोटं

ईप्पन म्हणजे फटकळ माणूस. केरळातल्या रान्नीच्या बाजारात कुणालाही विचारा. रान्नी-कोट्टयम बसमध्ये त्यानं जन्मभर माणसं कोंबली, सुट्ट्या पैशांवरून भांडणं केली, फुकट्यांना भर चढावर खाली उतरवलं. अशा माणसाला म्हातारपणी स्वतःच्याच घरातून उतरवलं जाण्याची धास्ती पडावी, यापरता मोठा दैवाचा विनोद नाही.

धास्ती मुलाची होती. एकुलता एक रेजी, कुवेतला. वाईट नव्हता हो. उलट फारच चांगला होता, आणि चांगल्या मुलाशी भांडताही येत नाही. त्यानं न्हाणीघरात धरायला दांडे बसवले, फरशी खरखरीत करून घेतली, म्हाताऱ्याच्या गळ्यात दोरीनं मोबाइल अडकवला. सगळ्यात शेवटी पुढच्या खोलीत छताजवळ कॅमेरा लावला. तिकडे कामावर बसल्या बसल्या त्याला इकडचे आईबाप दिसायचे.

ईप्पनचे डोळे काचबिंदूनं खाल्ले होते. किल्लीच्या भोकातून दिसावं तेवढंच जग त्याला उरलं होतं. बायको सोसाम्माचे गुडघे गेलेले, वर रक्तदाब. ती नवऱ्याला म्हणायची, "इच्चाया, तुमचे पाय अन् माझे डोळे. दोघं मिळून एक माणूस होतो, तेवढा पुरे."

पावसाळ्यात ती मागच्या पडवीत घसरली आणि मनगट मोडलं. रेजी धावत आला. प्लास्टर ओलं होतं तोवरच त्यानं सांगून टाकलं, "अम्मच्ची, अजून एकदा पडलीस की तुम्ही दोघं कोट्टयमच्या वृद्धाश्रमात. मी जागा बघून ठेवलीय."

जागा चांगली होती. नर्स होती, डॉक्टर होता. फक्त पुरुष एका इमारतीत आणि बायका दुसऱ्या. सोसाम्मानं चौकशी केली, तर जेवायलाही वेगळंच.

"मग तुमच्या ताटातले माशाचे काटे कोण काढणार?" तिनं विचारलं.

"गिळीन."

"मराल."

"मग आश्रमात कशाला? घरीच मरू की!" ईप्पन खेकसला. त्या दिवशी दोघांचं ठरलं. पडलं तरी रेजीला कळू द्यायचं नाही. त्यानंतर ती स्वयंपाकघरात एकदा पडली, न्हाणीघरात एकदा. तिथं कॅमेरा नव्हता. ईप्पननं चाचपडत तिला उठवलं, नारळाचं तेल चोळलं आणि दोघं गप्प राहिली.

मग ईस्टरच्या आधीचा मोठा उपास लागला. मासे, मटण, दूध बंद. पेज आणि मूग. ह्या दिवसांत त्यांच्या सीरियन ख्रिस्ती लोकांत रोजच्या प्रार्थनेत गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावायचं असतं. सोसाम्माला डॉक्टरांनी ते मना केलं होतं, म्हणून ती खुर्चीवर बसून मान तुकवायची. पहिल्याच आठवड्यात पूर्वेच्या भिंतीवरच्या तसबिरींपुढून उठताना तिचा पाय चटईत अडकला आणि ती कोसळली. कॅमेऱ्याच्या अगदी समोर.

ईप्पनच्या छातीवरचा मोबाइल लगेच वाजला.

"अप्पच्चा! अम्मच्चीला काय झालं? पडली ना?"

"पडेल कशाला? उपास चालू आहे. माथा टेकतेय."

"डॉक्टरांनी मना केलंय तिला!"

"तुझ्या आईला डॉक्टर मोठा की देव? प्रार्थनेत फोन करतोस! लाज नाही वाटत?"

खाली सोसाम्मा सगळं ऐकत होती. तिनं दुखरा पाय हळूच पोटाशी ओढला, हात पुढे पसरले, कपाळ चटईला लावलं. हसू आवरेना म्हणून तिची पाठ हलत होती. कुवेतला रेजीला वाटलं, आई रडत प्रार्थना करतेय. त्यानं माफी मागून फोन ठेवला.

"पापी आहात इच्चाया," ती खालूनच म्हणाली. "उठवा आता."

एकदा पचलं की खोटं सोकावतं. त्या उपासात ती आणखी एकदा तशीच पडली, तेव्हा रेजीनं फोनसुद्धा केला नाही.

गुड फ्रायडेला सगळं गाव दिवसभर चर्चमध्ये असतं. ह्या दोघांना एवढा वेळ उभं राहवत नाही, म्हणून ती घरीच थांबली. कामाला येणारी पोन्नम्मा लेकीकडे गेली होती. दुपारी सोसाम्मा तसबिरींपुढे गेली आणि ईप्पन मागच्या पडवीत कारली ठेचायला बसला. त्या दिवशी प्रार्थना संपली की सगळ्यांनी कडू रस प्यायचा असतो. दिसत नसल्यामुळे त्याला वेळ लागला. पेला घेऊन तो पुढच्या खोलीत आला तेव्हा नजरेच्या भोकातून त्याला तिची पांढरी, वाकलेली पाठ दिसली. कपाळ चटईला लागलेलं.

आज बाईसाहेबांनी खरंच माथा टेकला, असं त्याला वाटलं. त्याच्या घरात प्रार्थनेत कुणी कुणाला हाक मारत नाही. त्याच्या लहानपणी एकदा प्रार्थना चालू असताना घरात नाग शिरला, तरी बापानं आधी आमेन म्हटलं आणि मग काठी घेतली. ईप्पन पेला धरून खुर्चीवर बसला. देवाला म्हणाला, तिच्या गुडघ्यांकडे बघ. ती उठेना तसं त्याला तिचं कौतुकच वाटत गेलं. बऱ्याच वेळानं तो हळूच म्हणाला, "सोसे, पुरे आता." मग मोठ्यानं म्हणाला. मग त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि ती एका कुशीवर कलंडली. श्वास चालू होता, घशातून घरघर येत होती. तोंडाची एक बाजू ओघळली होती.

शेजारचे चर्चमधून येऊन तिला रुग्णालयात नेईपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "लगेच का नाही आणलं?" शनिवारी ती गेली. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. इथं खोटं बोलला ईप्पन आणि गोटा बसला सोसाम्माच्या कपाळी.

पुरून आल्यावर रेजी बापाच्या पायाशी बसला. "अप्पच्चा, मी बघितलं होतं. ती खाली गेली तेव्हा मी फोनवर बघत होतो. म्हटलं प्रार्थना करतेय. बंद केला मी फोन." तो लहान मुलासारखा हुंदके देत होता. "कुठल्या तोंडानं तुम्हाला आश्रमात चला म्हणू? तुम्हाला हवं तिथं राहा."

हीच वेळ होती. ईप्पनच्या जिभेवर खरं आलंही होतं. पण मुलाच्या त्या अपराधातच त्याचं घर वाचत होतं, आणि सोसाम्माचा वास अजून उशीला होता. ज्यानं उभ्या जन्मात कुणाला फुकट बसू दिलं नाही, तो मुलाच्या जिवावर फुकट बसून राहिला. त्यानं रेजीच्या डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "देवाची इच्छा, मोने, माझ्या लेकरा." हे मात्र त्याचं सगळ्यात मोठं पाप. मी तरी त्याला त्याची माफी देणार नाही.

ईस्टरपासून पुढचे पन्नास दिवस त्यांच्यात गुडघे टेकत नाहीत. ईप्पन भिंतीपुढे नुसता खांबासारखा उभा राहायचा. रेजी रोज फोन करायचा, रोज बारीक होत चालला होता. सून एकदा म्हणाली, "ते झोपत नाहीत, अप्पच्चा. सारखे कॅमेराच बघत बसतात."

ऑगस्टमध्ये देवमातेच्या नावाचा उपास आला, पुन्हा माथा टेकणं आलं. एका संध्याकाळी प्रार्थनेला जाताना ईप्पन खुर्चीच्या पायाला अडखळला आणि तोंडावर पडला. त्याच चटईवर. कमरेत काहीतरी कडकन मोडलं. मोबाइल छातीखाली दाबला गेला होता, तो लगेच वाजू लागला. त्यानं कसाबसा बाहेर ओढला.

"अप्पच्चा," रेजी म्हणाला. "प्रार्थना करताय ना? सांगा ना, प्रार्थनाच करताय ना?"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. सकाळी पोन्नम्मा आली असती. घर राहिलं असतं.

"पडलोय रे," ईप्पन म्हणाला. "आणि मोने, मोठ्या उपासाच्या पहिल्या आठवड्यात तुझी आईसुद्धा पडलीच होती. माथा टेकतेय म्हणून मी तुला फसवलं. घर सुटू नये म्हणून. तुझ्या डोळ्यांची चूक नाही. तुला मीच आंधळा केला."

पलीकडे रेजी रडायला लागला. ते रडणं रागाचं की सुटल्याचं, ईप्पनला कळलं नाही, आणि विचारायचा हक्कही त्याला नव्हता.

"हलू नका," शेवटी रेजी म्हणाला. "शेजारी फोन करतो. मी येतो तुम्हाला न्यायला."

"ये," ईप्पन म्हणाला. त्यानं कपाळ चटईला लावलं आणि शेजारच्यांची वाट पाहत पडून राहिला.