तात्यांच्या ड्रॉवरातलं लोहचुंबक

माझ्या अब्बांनी तात्यांना भर दुकानात चोर म्हटलं होतं.

आज तात्यांना जाऊन वर्ष झालं.

तात्यांचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान. अब्बा वेल्डर, कुवेतहून परत आलेले. रोज दुपारी खाडीकाठच्या आमच्या राजिवड्यातून चालत तात्यांकडे जायचे. चहा, एक पेपर, दोघांत एकच चष्मा.

लहानपणी मीही जायचे. उन्हं कलली की भांड्यांवरचा उजेड छतावर जाऊन हलायचा. मला वाटायचं, आपण खाडीच्या तळाशी बसलोय आणि वरून पाणी चाललंय.

अब्बांच्या खिशात कायम एक लोहचुंबक. नालाच्या आकाराचं, लाल रंग उडालेलं. त्यांचा नियम पक्का होता. चिकटलं तर स्टील हलकं, नाही चिकटलं तर अस्सल.

मी M.Sc. Physics साठी कोल्हापूरला निघाले, तेव्हा अब्बांनी तात्यांकडून डबा आणला. लेकीसाठी म्हणून घरी आल्यावर जरा जास्तच तपासला. तळाला नाही चिकटलं. वळवलेल्या काठाला मात्र हलकेच चिकटलं.

तसेच उलट पावली दुकानात. मी मागे पळत.

"चोर हायस तू, तात्या! माझ्या पोरीच्या डब्यात पन खोट?"

गिऱ्हाइकं बघत राहिली. तात्यांनी पेपरची घडी घातली.

"इब्राहिम, माल अस्सल आहे. पण तुझ्या खिशातलं ते माझ्यापेक्षा खरं बोलत असेल, तर जा बाबा."

अब्बा गेले. डबा वेल्डिंगच्या शेडमध्ये फेकला. त्या दुपारपासून चहा बंद.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले, तर तात्यांकडचा फराळ आलेला नव्हता. माझ्या आठवणीत पहिल्यांदा. अब्बा दुपारभर दारात बसून होते. मला फार वाईट वाटलं.

आणि मला तर उत्तर माहीत होतं! पहिल्याच सेमिस्टरला शिकवलं होतं.

"अब्बा, ह्या स्टीलमध्ये निकेल असतं, म्हणून चुंबक चिकटत नाही. पण पत्रा दाबून काठ वळवला ना, की तेवढ्या जागची आतली रचना बदलते. मग तिथे चिकटतं. माल तोच असतो."

"पुस्तकात काय पन लिवतात."

"मग तापवा. लालभडक होऊ दे. रचना परत पहिल्यासारखी होते."

अब्बांनी शेडमधून डबा शोधून काढला आणि गॅस टॉर्च पेटवला. खाडीला भरती लागली होती. काठ आधी सोनेरी झाला, मग जांभळा, मग निळा, मग लाल. इतकं सुंदर काही मी लॅबमध्येसुद्धा पाहिलं नाही. अजून कधीतरी झोपेत तो काठ दिसतो.

डबा गार झाला. अब्बांनी काठाला चुंबक लावलं.

घसरून पडलं.

परत लावलं. परत पडलं.

अब्बांनी डबा पुसून घेतला. मग शर्ट घातला आणि थेट दुकान गाठलं. काउंटरवर डबा ठेवला, चुंबक काठावरून घसरू दिलं.

"चुकला माझा, तात्या."

तात्यांनी आधी चुंबक उचललं. "हे आता माझ्याकडे राहणार. तुला झेपत नाही."

"ठेव."

मी शहाणी मध्येच बोलले, "तात्या, हे जुन्या पद्धतीचं चुंबक आहे. उघडं ठेवलं तर जोर कमी होत जातो. दोन्ही टोकांना जोडून लोखंडाची पट्टी लावून ठेवा."

"बरं, मॅडम."

दुसऱ्या दिवशी चकल्या आल्या. दिवाळी संपली होती तरी.

आज आम्ही दोघं तात्यांच्या घरी गेलो होतो. काकूंनी चहा दिला आणि एक जुनं फडकं अब्बांच्या हातात ठेवलं. आत चुंबक. वर लोखंडाची पट्टी, जशीच्या तशी.

"दुकानाच्या ड्रॉवरात होतं," काकू म्हणाल्या. "साफसफाई करताना मी पट्टी काढली, की ओरडायचे. म्हणायचे, पोरीने सांगितलंय, इब्राहिमचं आहे, बिघडता कामा नये."

अब्बांनी पट्टी ओढली. ती पटकन सुटेना.

"जोर हाय अजून," ते म्हणाले आणि रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

मग पट्टी परत लावली, फडकं गुंडाळलं आणि काकूंना दिलं.

"वैनी, त्याच्याच ड्रॉवरात ऱ्हाव दे. त्यानं मागितला, मी दिला. आता परत नाय घेयाचा."

तात्या, पट्टी नीट बसलीय. मी स्वतः बघितली.

तुमची फार आठवण येते.