विलायती आबा

रेडिओवरच्या बातम्यांत ‘ब्रिटन’ हा शब्द आला की आमच्या मामंजींचा घास हातातच थांबायचा. बातमी तिथल्या राणीची असो, थंडीची असो की एखाद्या आगगाडीच्या अपघाताची, ती संपेपर्यंत तो तोंडात जात नसे. मग ते आमच्याकडे बघून विचारायचे, “काय म्हणाला? आपल्या मालाचं काय म्हणाला का?” नाही म्हटलं तरी त्यांचं समाधान होत नसे. “आज न्हाई म्हणाला. उद्या म्हणंल,” असं पुटपुटत ते जेवण उरकायचे. सांगलीच्या हळदपेठेत त्यांना सगळे ‘विलायती आबा’ म्हणत. विलायत राहू द्या, मामंजी जन्मात मुंबईच्या पलीकडे गेले नव्हते. पण त्यांची हळद जायची.

मूळचे ते पलूसकडचे. तरुणपणी घरची हळद गाडीत घालून सांगलीच्या बाजारात आले आणि इथलेच झाले. पुढे स्वतःची पेढी काढली, माल निवडायची शेड बांधली, आणि मुंबईच्या एका अडत्यामार्फत त्यांची हळकुंडं लंडनला जाऊ लागली. आपला देश राष्ट्रकुलातला, म्हणून आपल्या मालाला इंग्लंडच्या बंदरात जकातीची सवलत होती. त्या सवलतीवर मामंजींची पेढी उभी होती, आणि शेडमध्ये हळद निवडणाऱ्या बायकांच्या चुलीही. पण साठ सालानंतर वर्तमानपत्रांतून नवंच काही येऊ लागलं. युरोपातल्या सहा देशांनी आपसात एक सामायिक बाजारपेठ केली होती आणि इंग्लंडला तिच्यात शिरायचं होतं. तेव्हापासून मामंजींच्या जिवाला घोर लागला.

पेठेतली माणसं त्यांची चेष्टा करायची. एकदा शेजारचा एक दुकानदार म्हणाला, “आबा, इंग्लंड कुठं जाईना का तिकडं. तुमी कशापायी वाळताय?”

मामंजी त्याला हाताला धरून बसवत म्हणाले, “हे बघ गड्या. आज पलूसची गाडी सांगलीच्या जकात नाक्यावर येती. नाकेवाला आपल्या वळखीचा. थोडक्यात सोडतो. समज, उद्या सांगली, मिरज आन् तासगावनं मिळून एकच नाका केला. त्यांचं त्यांच्यात जकात न्हाई. भाईरच्याला मातूर सगळीकडं एकच दर. मग त्या नाकेवाल्याच्या वळखीचा काय उपेग? त्यो म्हणणार, आबा, आता माज्या हातात काय ऱ्हायलं न्हाई.”

दुकानदाराचं हसू थांबलं. “म्हंजे आपुन नाक्याच्या भाईर?”

“व्हय. ह्योच तर घोर हाय.”

मी या घरात आले तीही या घोरापायीच. माझं माहेर कराडजवळचं मलकापूर, वडील शाळामास्तर. मला बघायला आले तेव्हा आईने मला भाकरी, पुरणपोळी, शिवण यांवरच्या प्रश्नांची तयारी करून बसवलं होतं. मामंजींनी त्यातलं काहीच विचारलं नाही. सदऱ्याच्या खिशातून वर्तमानपत्राची घडी काढली आणि म्हणाले, “पोरी, हे विंग्रजी जरा वाचून दाव, आन् आमच्या भाषेत सांग.” खिसा आतून बाहेरून पिवळा होता, कारण त्यात नेहमी एखादं हळकुंड असायचं. कागदालाही हळदीचा वास येत होता. मी वाचलं, अर्थ सांगितला. ते वडिलांना म्हणाले, “मास्तर, मला पोरगी पसंत हाय. माज्या पोराला काय त्ये तुमी इचारा.”

लग्नानंतर रोज दुपारी, मुंबईचा पेपर आला की मला ओसरीवर बोलावणं यायचं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपाशी धुसफुसायच्या, “सून सैपाकाला आणलीय का शाळा भरवायला?” मी डोक्यावरचा पदर सावरून वाचायची आणि मामंजी डोळे मिटून ऐकायचे. अवघड शब्द आला की थांबवायचे.

“प्रेफरन्स म्हंजे काय गं?”

“प्राधान्य, मामंजी.”

“म्हंजे पंगतीत आपला पाट आधी.”

“हो.”

“आन् इंग्लंड तिकडं गेलं की?”

“मग आपला पाट सगळ्यांबरोबर.”

ते डोळे उघडून म्हणायचे, “सगळ्यांबरूबर बसायला माजी ना न्हाई. पण पाट असंल ना तिथं? का वाढप्यानंच दार लावून घेतलंय?” याचं उत्तर त्या पेपरात नसायचं. वाटाघाटी चालू आहेत, एवढंच मी सांगू शकायची. तो शब्द त्यांना मुळीच आवडत नसे. “चालू हायेत म्हंजे आपल्याला झोप न्हाई,” म्हणायचे.

घोर लावून घेण्याचा हा स्वभाव कामात मात्र सगळ्यांच्या उपयोगी पडे. आमची हळद सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत असायची. पेव म्हणजे नदीकाठच्या मातीत खोल खणलेलं कोठार. वर माणूस उतरेल एवढंच तोंड, खाली खोलीएवढी पोकळी. त्यात हळद टिकते, पण हवा मरते. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरलं तर गुदमरून जातं. म्हणून तोंड उघडून ठेवायचं, दोरीने पेटता कंदील तळापर्यंत सोडायचा, आणि तो विझला नाही तरच माणूस उतरवायचा. बाकीचे व्यापारी कंदील जळला की उतरा म्हणायचे. मामंजी कंदील जळत असला तरी आणखी एक दिवस थांबायचे. आमच्या पेवांवरचा मुख्य गडी दगडूमामा. तो हसून म्हणायचा, “आवं आबा, कंदील जळतोय की चांगला.”

“कंदिलाला बायकापोरं न्हाईत,” मामंजी म्हणायचे. “उद्या उतर.”

दगडूमामाची बायको हौसाबाई आमच्याच शेडमध्ये हळद निवडायची. ती मला म्हणायची, “वहिनी, दुसऱ्याच्या पेवात ह्यो उतरला की माजा जीव टांगणीला असतोय. आबांच्या पेवात उतरला की मी निवांत भाकरी खाते.”

बासष्ट साल सरत आलं होतं. सरहद्दीवरची चीनशी लढाई नुकतीच थांबली होती आणि सातारा-सांगलीच्या गावोगावी माणसं फौजेतल्या पोरांच्या पत्रासाठी पोस्टमनची वाट बघत होती. आमच्या घरी तारवाल्याची वाट बघणं चाललं होतं. पेठेत आवई उठली की वाटाघाटी मिटल्या, नवीन वर्ष लागताच इंग्लंड आत जाणार. मग मुंबईच्या अडत्याची तार आली. असेल तो माल ताबडतोब पाठवा, पुढचं सांगता येत नाही, असा तिचा अर्थ. मामंजींनी ती माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली. “पुढचं सांगता येत न्हाई, असंच लिवलंय? का तू म्हणतीयास?”

“असंच लिहिलंय, मामंजी.”

पेठेत ज्याचा त्याचा माल निघू लागला होता. मिरजेला रेल्वेची वाघीण, म्हणजे मालडबा, मिळायला मारामार होती. मामंजींना मिळाली ती दुसऱ्याच दिवशीची. सकाळी ते हरिपूरला निघाले आणि मलाही सोबत घेतलं. आणखी एखादी तार आली तर वाचायला कुणी हवं होतं. पेवाचं तोंड नुकतंच उघडलेलं होतं. मी निवडणाऱ्या बायकांबरोबर लिंबाच्या झाडाखाली बसले. रस्त्यावर ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता.

कंदील सोडला. अर्ध्यावर जाऊन तो जळत राहिला, तेवढ्यावरच कुणीतरी वर ओढला. दगडूमामाने विचारलं, “आबा, जळतोय. उतरू का?” आज नको म्हणतील, अशीच त्याची अपेक्षा होती. तो कमरेवर हात ठेवून निवांत उभा होता.

मामंजींनी ट्रककडे पाहिलं. मग म्हणाले, “उतर.”

हौसाबाईने मान वर केली. तो शब्द पेव उघडल्या दिवशी त्यांच्या तोंडून आम्ही कुणीच ऐकला नव्हता. दगडूमामा दोरीच्या शिडीने उतरला. जरा वेळाने खालून काहीतरी पडल्याचा आवाज आला. वरून हाका मारल्या. उत्तर नाही.

दगडूमामाचा पुतण्या धोतर खोचून पेवात उडी घ्यायला धावला. मामंजींनी त्याला दोन्ही हातांनी कव घातली. तो तरणाबांड, मामंजी काडीसारखे. पण त्यांनी सोडलं नाही. “तू बी जाशील! तुला काढाय तिसरा जाईल! घोंगडी बांधा दोरीला, खालवर करा, हवा हलवा!” ते ओरडत होते. माणसांनी घोंगडी सोडली, ओढली, पुन्हा सोडली. हौसाबाई काठावर बसून किंचाळत होती, “उतरा की वं कुणीतरी! माणूस मरतोय की!” तेवढा वेळ एका माणसाला धरून ठेवायचं आणि दुसऱ्याला खाली पडू द्यायचं, हे मामंजी कसं करू शकले, मला आजही कळत नाही. त्यांचं तोंड राखेसारखं झालं होतं. कंदील पुन्हा सोडला, या वेळी तळापर्यंत. तो जळत राहिला. तशी मामंजींनी पुतण्याला बाजूला ढकललं, दोरी स्वतःच्या कमरेला बांधली आणि म्हणाले, “मी जातो. माजा आवाज थांबला की वढा.”

उतरताना ते मोठ्याने बोलत राहिले. काय बोलत होते ते कुणालाच आठवत नाही; पण आवाज येत होता, आणि आम्ही सगळे त्या आवाजाला कान लावून होतो. खाली जाऊन त्यांनी दगडूमामाच्या काखेतून दुसरी दोरी बांधली. आधी त्याला वर घेतलं, मग मामंजींना. दोघांच्या अंगावर हळदच हळद होती. दगडूमामाच्या नाकापाशी हौसाबाईने हात धरला. मग एकदम म्हणाली, “हाय. श्वास हाय.”

ट्रकमधून त्याला सांगलीच्या दवाखान्यात नेलं. मिरजेची वाघीण आमच्या मालाशिवाय गेली.

दगडूमामा वाचला. पण पडताना त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या. त्या बसल्या, तरी छाती पहिल्यासारखी झाली नाही. चार पावलं चालला की दम लागायचा. पेवात उतरणं कायमचं संपलं.

जानेवारीत बातमी आली. फ्रान्सने इंग्लंडला आत घ्यायला नकार दिला होता. पेठेत पेढे वाटले. मी धावत ओसरीवर जाऊन मामंजींना बातमी वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली. मला वाटलं, आता तरी हसतील. ते म्हणाले, “म्हंजे घाई नव्हतीच,” आणि चपला घालून बाहेर पडले. आत्याबाईंनी मला खुणेने त्यांच्या मागे पाठवलं.

ते दगडूमामाच्या घरी गेले. दारात हौसाबाई उभी होती. तिने बसा म्हटलं नाही. “आबा,” ती म्हणाली, “तुमच्या विलायतेला आमचाच माणूस कशाला वं लागला?”

“विलायतेला न्हवं, हौसा,” मामंजी म्हणाले. “माज्या घाईला.”

आतून दगडूमामाचा आवाज आला, “कोण, आबा हायेत? आवं, काय झालं त्या इंग्लंडाचं?”

“ऱ्हायलं भाईर.”

“मग बरंच झालं की!” तो मनापासून म्हणाला. मामंजी त्याच्या उशाशी बसले आणि रडले. मी दारातूनच माघारी फिरले.

पुढे दगडूमामा शेडच्या दारावर बसू लागला. हौसाबाई महिनाभर मामंजींशी बोलली नाही, मग एक दिवस आपणहून बोलली. मामंजींचा घोर काही गेला नाही. फक्त तो लंडनहून हरिपूरला आला. माल कितीही तातडीचा असला, तार कुठूनही आली, तरी आमचं पेव उघडलं त्या दिवशी माणूस उतरत नसे. यात काही गिऱ्हाइकं गेली. अडत्या चिडला. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, तेव्हा पेढीवर बसू लागले होते. ते वैतागायचे, “आबा, दुनिया पुढं चाललीय.”

“जाऊ दे पुढं,” मामंजी म्हणायचे. “दुनियेला दम लागत न्हाई.”

सहासष्टात रुपयाची किंमत उतरली आणि पेठेत पुन्हा तीच पळापळ झाली. तिकडच्या भावाचं गणितच बदललं होतं. पावसाआधी माल मुंबईला पोचवायला जो तो पेवं फोडत होता. मामंजी तेव्हा अंथरुणावर होते, श्वास आखडलेला. यजमान त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, “आबा, आज पेव उघडतोय. आजच माल काढू का? सगळे काढतायत.”

मामंजींनी त्यांच्याकडे पाहिलं. “तुला काय वाटतंय?” त्यांनी विचारलं.

यजमान खाटेच्या कडेवर बसले. बाहेर पेठेतल्या ट्रकांचे आवाज येत होते. “उद्या काढतो,” ते शेवटी म्हणाले.

मामंजींनी मान हलवली आणि कूस बदलली.

पावसाळ्यातच ते गेले. हरिपूरची माणसं, निवडणाऱ्या बायका, पेठेतले चेष्टा करणारेही, सगळे आले. मी वरच्या मजल्याच्या खिडकीत उभी होते. यजमान पुढे होते, तिरडी नदीकडे निघाली, माणसं भरभर चालली होती, कारण आभाळ दाटून आलं होतं. सगळ्यात मागे दगडूमामा होता. तो चालायचा, भिंतीला हात लावून थांबायचा, पुन्हा चालायचा. हौसाबाई त्याला घरी चला म्हणत होती आणि तो ऐकत नव्हता. रस्त्याच्या वळणाशी यजमानांनी मागे वळून पाहिलं. ते काय म्हणाले ते मला इतक्या लांबून ऐकू आलं नाही. पण तिरडी थांबली. खांदेकरी थांबले, त्यांच्यामागची सगळी माणसं थांबली. पावसाचे थेंब पडू लागले तरी कुणी हललं नाही. दगडूमामा पोचेपर्यंत ते सगळे तसेच उभे राहिले.